योग्या, एषणी आणि आभासी शस्त्रकर्म

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय, योग्यासूत्रीय, आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. शास्त्र अवगत झालेल्या शिष्याकडूनही योग्या म्हणजे कर्माभ्यास करवून घ्यावा, तो न केलेला बहुश्रुतही कर्मास अयोग्यच, असे आचार्यांचे स्पष्ट मत आहे. छेदनासाठी कोहळा, भोपळा, काकडी; भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली चामड्याची पिशवी; ही यादी परीक्षेपुरती पाठ होते व पुढे विसरली जाते. आमच्या मते तीतील सर्वांत मार्मिक योजना एषणकर्माची आहे. त्यासाठी किडीने पोखरलेले लाकूड सांगितले आहे.

किडीचा मार्ग वळणावळणाचा असतो व डोळ्यांना दिसत नाही. एषणीच्या टोकास होणाऱ्या अडथळ्यावरून त्याचे चित्र मनात उभे करावे लागते. भगंदराचा मार्गही तसाच. तेथे बळ लावल्यास एषणी नवाच खोटा मार्ग पाडते. क्षारसूत्र त्यातून ओवले जाते आणि मूळ व्याधी तशीच राहते.

हे दिशाज्ञान जन्मजात की अभ्यासाने येणारे? टोरांटो येथील संशोधकांनी २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मनात आकृती फिरवून पाहण्याची शक्ती अधिक असलेल्या शल्य-विद्यार्थ्यांना त्वचेची गुंतागुंतीची झेड-प्लास्टी आरंभी चांगली जमली. मात्र सराव व चुका दाखवणारे मार्गदर्शन मिळताच उरलेल्यांनीही त्यांना गाठले. त्याच वर्षी येल विद्यापीठातील १६ निवासी शल्यवैद्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. संगणकीय आभासी यंत्रावर सराव केलेल्यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. चुकाही पुष्कळ कमी झाल्या. गंमत अशी की त्या यंत्रात स्पर्शाची जाणीव मुळीच नव्हती. एषणकर्मात तर स्पर्शच सर्वस्व! तेवढ्यापुरते पोखरलेले लाकूडच सरस म्हणावे लागेल.

केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने २०२० च्या अधिसूचनेत शल्य व शालाक्य पदव्युत्तरांच्या प्रशिक्षणासाठी ५८ शस्त्रकर्मे नमूद केली. वाद पुष्कळ झाला. रुग्णापूर्वी हात कशावर बसवायचा, ही चर्चा त्यामानाने थोडी झाली.

महागड्या यंत्रावाचून योग्या अडण्याचे कारण नाही. आम्ही विद्यार्थ्यांना वाळलेला पोकळ वेळू व वाळवी लागलेले ओंडके देतो, एषणी घालण्यापूर्वी मार्गाची रेखाकृती काढावयास लावतो, आणि नंतर लाकूड चिरून ती पडताळून पाहतो. क्षारसूत्र बनविणाऱ्या औषधनिर्मात्या बंधूंनी लेपरहित साधे सूत्रही ठराविक लांबीत पुरवल्यास ओवण्याचा सराव करणे सोयीचे होईल.