हलके झालेले स्टिअरिंग

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजातली १९५९ ची शेवरले अपाची पिकअप जागच्या जागी वळवायची, तर दोन्ही खांदे कामाला लागत. पुढे अखंड लोखंडी अॅक्सल, त्यावर पाटे, दोन टोकांना चाके ज्यांवर वळतात ते किंगपिन आणि वर सहा सिलिंडरांच्या बिडाच्या इंजिनाचे वजन. हाताला साथ फक्त स्टिअरिंगच्या मोठ्या चाकाची आणि गिअरबॉक्समधल्या भरपूर फेऱ्यांची.

यावरचा उपाय या गाडीहून जुना आहे. फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी पॉवर स्टिअरिंगची गाडी चालवून दाखवली होती. बाजारातल्या मोटारीत ते आले १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलबरोबर. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो, हाताचा पीळ बसला की गिअरबॉक्समधली झडप उघडते आणि दाबाखालचे तेल पिस्टनला ढकलते. अशा जुन्या गाड्यांसाठी आज गिअरबॉक्स, पंप आणि ब्रॅकेटचा तयार संच मिळतो. मीही तो आणला आणि दोन शनिवार-रविवारांत बसवला.

पार्किंगमध्ये चाक एका बोटाने फिरू लागले. आठव्या दिवशी, हायवेवर, मुलगी शेजारी बसलेली असताना मी लेन बदलली आणि चाक सरळ होईना. पूर्वी ते आपोआप मधोमध येई. आता वळवले तिथेच राहिले. घाईने उलटे ओढले, ते जास्त झाले आणि उजवी दोन्ही चाके रस्त्याकडेच्या खडीत उतरली. कुणाला लागले नाही. पण त्या क्षणी तिने दाराला घातलेली मिठी मला अजून दिसते.

दोष नव्या भागांचा नव्हता. सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा किंगपिनचा माथाही मागे कललेला लागतो. त्या कलामुळे चाक सरळ येते. याला कॅस्टर म्हणतात. कॅस्टर वाढला की स्टिअरिंग जड होते, म्हणून बिनपॉवरच्या गाड्यांत तो कमी ठेवत. आमच्या गाडीत तो जेमतेम अर्धा अंश भरला. पॉवर बसवल्यावर जोर पंपाचा असतो, तेव्हा तीन ते पाच अंश खुशाल द्यावा. अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये पोलादी पाचर घालून तो मिळाला. संच बसवला त्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यायला हवी होती.

पाचर घालताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. डावा किंगपिन कोरडा, जवळजवळ जाम झालेला होता. गाडी जड का लागते, हे मी विचारलेच नव्हते. पंपाने ते दुखणे फक्त झाकले. म्हणून कुणीही पैसे मोजण्याआधी पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, गिअरबॉक्सपासून चाकाकडे जाणारा दांडा सोडवावा आणि चाके हाताने वळवून पाहावीत. अडकत असतील, तर आधी ग्रीस किंवा नवे किंगपिन. टायरमधली हवाही तेव्हाच बघावी. एवढ्यानेच कित्येकांचे काम भागेल.

तरीही पॉवर हवेच असेल, तर पंप आणि गिअरबॉक्स एकमेकांना जुळणारे घ्यावेत. जुन्या पिकअपला मस्टँग-टू मोटारीची स्टिअरिंग रॅक लावून जनरल मोटर्सचा पंप जोडला, की दाब जास्त होतो आणि गाडी नुसत्या स्पर्शाने भरकटू लागते. तो दाब कमी करावा लागतो. पहिल्यांदा तेल भरताना इंजिन बंद ठेवून, चाके हवेत, स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत हवा काढावी.

महाराष्ट्रात जुन्या महिंद्रा जीपला बोलेरोचे पॉवर स्टिअरिंग लावणारे अनेक आहेत. तिथे एक जास्तीची काळजी हवी : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चासी कापायच्या आधी आरटीओत विचारावे.

अपाचीचा जुना गिअरबॉक्स ग्रीस भरून, फडक्यात गुंडाळून गॅरेजच्या फळीवर ठेवला आहे. नवा संच मूळच्याच भोकांत बसवलेला असल्याने जुना एका दिवसात परत चढवता येईल.