आदरातिथ्य व्यवसायाची उभारी : राज्याच्या धोरणाचा अग्रक्रम

राज्याच्या अर्थव्यवस्थेत शेती व कारखानदारी यांच्याबरोबरच आदरातिथ्य व्यवसायालाही महत्त्वाचे स्थान आहे. मुंबईतील तारांकित हॉटेलापासून तालुक्याच्या गावच्या खानावळीपर्यंत आणि महाबळेश्वरच्या निवासगृहापासून तारकर्लीच्या किनाऱ्यावरील घरगुती न्याहारी-निवासापर्यंत या व्यवसायाचा विस्तार आहे. आचारी, वाढपी, धोबी, भाजीविक्रेता, मच्छीमार, दूधवाला आणि वाहनचालक या सर्वांचा चरितार्थ त्याच्याशी निगडित आहे. म्हणून या व्यवसायाला बसलेला धक्का त्याच्या मालकापुरता मर्यादित राहत नाही. तो परिसरातील शेकडो कुटुंबांच्या चुलीपर्यंत पोचतो. २०२० ते २०२२ या काळात कोरोनाच्या साथीने असा धक्का दिला. त्यानंतर हाती घेण्यात आलेल्या उपाययोजनांचा आढावा घेतल्यास, संकटात सापडलेल्या सेवा-व्यवसायाला सावरताना शासनाने कशाला अग्रक्रम द्यावा, यासंबंधी काही निश्चित निष्कर्ष काढता येतात.

साथीचा आघात

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हॉटेले व उपाहारगृहे बंद झाली. राज्यात ८ जुलै २०२० पासून निवासी हॉटेलांना एक-तृतीयांश क्षमतेने आणि ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहांना निम्म्या क्षमतेने व्यवसाय करण्याची मुभा देण्यात आली. व्यवसाय सावरतो न सावरतो तोच एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेमुळे उपाहारगृहांना पुन्हा केवळ पार्सल सेवेवर समाधान मानावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये क्षमतेवर पुन्हा मर्यादा आली. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील निर्बंध पूर्णपणे उठले. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ हा व्यवसाय उघडझापीच्या अवस्थेत होता.

परदेशी पर्यटकांवर अवलंबून असलेल्या हॉटेलांची स्थिती अधिकच बिकट झाली. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. ही संख्या २०२० मध्ये २७ लाखांवर आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर घसरली.

कोकण किनारपट्टीवर तर संकटांची मालिकाच कोसळली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या. या बागांतील सावली आणि शांतता यांसाठीच तेथे पर्यटक येत असत. बाग हे एकाच वेळी शेतीचे व पाहुणचाराचे भांडवल होते आणि ते एका दिवसात नष्ट झाले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचा तडाखा बसला, तर जुलै २०२१ मध्ये चिपळूण शहर महापुरात बुडाले.

रोज नासणारा माल

या व्यवसायाला सावरणे इतर उद्योगांपेक्षा कठीण का, हे समजण्यासाठी त्याचे अर्थशास्त्र पाहिले पाहिजे. गिरणीतील कापड आज विकले गेले नाही तर ते गोदामात ठेवून पुढे विकता येते. हॉटेलातील खोलीचे तसे नाही. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या दोनदा भाड्याने देता येत नाही. या व्यवसायाचा माल रोज मध्यरात्री नासतो. त्याचा खर्च मात्र थांबत नाही. कर्जाचा हप्ता, कायम नोकरांचे पगार, विजेचा स्थिर आकार, मालमत्ता कर, परवान्यांची फी आणि इमारतीची देखभाल ही देणी पाहुणा आला तरी द्यावी लागतात व न आला तरी चुकत नाहीत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका निवासगृहात २० खोल्या आहेत आणि दर दिवसाला १,५०० रुपये आहे. धुलाई, वीज, पाणी इत्यादींसाठी प्रत्येक भरलेल्या खोलीमागे ३०० रुपये खर्च होतो. म्हणजे १,२०० रुपये उरतात. स्थिर खर्च महिन्याला ३ लाख रुपये आहे. तो भरून निघण्यासाठी महिन्यातील ६०० खोली-रात्रींपैकी २५० रात्री, म्हणजे सुमारे ४२ टक्के, भरल्या पाहिजेत. हे निवासगृह सहा महिने पूर्ण बंद राहिले आणि खर्चात काहीच कपात करता आली नाही, तर १८ लाखांची तूट येते. पुढे सर्व महिने ६० टक्के खोल्या भरल्या तरी महिन्याला १ लाख ३२ हजार रुपयेच शिल्लक राहतात आणि तूट भरून येण्यास साडेतेरा महिन्यांहून अधिक काळ लागतो. सहा महिन्यांच्या बंदीची भरपाई करण्यास वर्षाहून अधिक काळ चांगला धंदा व्हावा लागतो, हा या गणिताचा अर्थ आहे. ज्या कोकणात पावसाळ्याचे चार महिने गर्दी ओसरते, तेथे हा काळ आणखी लांबतो.

कर्ज : आवश्यक, पण अपुरे

संकटाच्या पहिल्या टप्प्यात व्यावसायिकाला हवे असते ते खेळते भांडवल. त्यासाठी केंद्र शासनाने मे २०२० मध्ये तातडीची कर्ज हमी योजना सुरू केली आणि मार्च २०२१ मध्ये आदरातिथ्य, प्रवास व पर्यटन व्यवसायांचा तीत समावेश केला. थकीत कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, सहा वर्षांची मुदत आणि त्यांपैकी पहिली दोन वर्षे मुद्दलाच्या फेडीतून सूट, असे तिचे स्वरूप होते. जून २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांशी थेट संपर्क असलेल्या व्यवसायांना कर्ज देण्यासाठी बँकांना १५,००० कोटी रुपयांची स्वतंत्र सुविधा उपलब्ध करून दिली. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात हमीच्या मर्यादेत ५०,००० कोटी रुपयांची वाढ करून ती केवळ आदरातिथ्य व संलग्न व्यवसायांसाठी राखून ठेवण्यात आली.

या योजनांनी अनेक व्यवसायांना तगून राहण्यास अवधी मिळाला, यात शंका नाही. तथापि त्यांच्या दोन मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली अशी की, कर्ज हे उत्पन्न नव्हे. वरील उदाहरणातील मालकाने १८ लाखांचे कर्ज घेतले, तर दोन वर्षांच्या सवलतीनंतर त्याच्यावर व्याजाखेरीज महिन्याला ३७,५०० रुपये मुद्दलाचा हप्ता येतो. मग खर्च भागविण्यासाठी ४२ ऐवजी ४७ टक्के खोल्या भरणे आवश्यक होते. म्हणजे कर्जाने वेळ मिळतो, पण पुढची चढण अधिक उभी होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. हमी योजनेतील नव्या कर्जाचे प्रमाण जुन्या कर्जावरून ठरत होते. ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, त्याला तीत स्थान नव्हते. घरातील दोन खोल्या पाहुण्यांना देणारी गृहिणी किंवा स्वतःच्या बचतीतून खानावळ चालविणारा गृहस्थ या चौकटीबाहेर राहिला. ज्याने कर्ज काढले नाही त्याला मदतही मिळाली नाही, अशी ही विपरीत स्थिती होती.

स्थिर खर्चाचा भार हलका करणे

म्हणून दुसऱ्या टप्प्यात अग्रक्रम दिला पाहिजे तो स्थिर खर्च कमी करण्याला. या दृष्टीने राज्य शासनाने २०२० च्या अखेरीस घेतलेला निर्णय महत्त्वाचा आहे. आदरातिथ्य क्षेत्राला औद्योगिक दर्जा देऊन वीजदर, वीज शुल्क, पाणीपट्टी, मालमत्ता कर, विकास कर व अकृषिक कर यांची आकारणी १ एप्रिल २०२१ पासून औद्योगिक दराने करण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. व्यापारी दर व औद्योगिक दर यांतील तफावत हीच येथे मिळणारी मदत आहे.

पूर्वीच्या उदाहरणात स्थिर खर्च ३ लाखांवरून २ लाख ४० हजारांवर आला, असे मानले तर ४२ ऐवजी ३३ टक्के खोल्या भरल्या तरी खर्च भागतो आणि १८ लाखांची तूट साडेतेरा महिन्यांऐवजी साडेनऊ महिन्यांत भरून निघते. या सवलतीची परतफेड करावी लागत नाही आणि पुढील संकटातही ती उपयोगी पडते.

मात्र असा निर्णय एका विभागाने घेतला, तरी त्याची अंमलबजावणी अनेकांच्या हाती असते. विजेचे दर वीज नियामक आयोग ठरवितो. मालमत्ता कर व पाणीपट्टीची आकारणी महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायती करतात. सवलतीमुळे त्यांच्या महसुलात घट होणार असेल, तर ती कशी भरून काढावयाची हा प्रश्नही सोडविला पाहिजे. व्यावसायिकाच्या हाती पडणाऱ्या बिलात दर बदललेला दिसेल, तेव्हाच शासनाचा निर्णय त्याच्यापर्यंत पोचला असे म्हणता येईल.

परवाने आणि नोंदणी

वेळ वाया जाणे हाही एक खर्चच आहे. हॉटेल सुरू करण्यासाठी पूर्वी सुमारे ७० परवाने व ना-हरकत दाखले लागत. २०२० मध्येच शासनाने ही संख्या १० वर आणण्याचा निर्णय घेतला. अग्निसुरक्षा व अन्नसुरक्षा यांसारख्या जीविताशी संबंधित बाबींमध्ये तडजोड न करता, एकच माहिती निरनिराळ्या कार्यालयांना वारंवार देण्याची सक्ती दूर करणे, हे या सुलभतेचे तत्त्व आहे. मोठे हॉटेल या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमू शकते. लहान मालकाला मात्र दर खेपेला धंदा बंद ठेवून तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे लागते. म्हणूनच परवान्यांच्या सुलभतेचा खरा लाभार्थी लहान व्यावसायिकच होय.

याच काळात कृषी पर्यटन धोरण स्वीकारण्यात आले आणि शेतकऱ्याला आपल्या शेतावर पाहुणे ठेवण्यासाठी अधिकृत नोंदणीचा मार्ग खुला झाला. पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने घरगुती निवासव्यवस्थेला त्यापूर्वीच ओळख मिळवून दिली होती. नोंदणी ही केवळ औपचारिकता नव्हे. नोंद नसलेल्या व्यवसायाला बँक ओळखत नाही आणि आपत्तीनंतर त्याचा पंचनामा व्यवसाय म्हणून होत नाही. २०२० आणि २०२१ च्या अनुभवाचा हा सर्वांत मोठा धडा आहे. २०२३ च्या ‘आई’ या महिला-केंद्रित पर्यटन धोरणात महिला उद्योजकांच्या १५ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा देण्याची तरतूद करण्यात आली. जुन्या कर्जाची अट न घालता नव्या उद्योजिकेला बँकेच्या दारापर्यंत आणणारे हे पाऊल हमी योजनेतील उणीव काही अंशी भरून काढते.

मागणीचा विस्तार

खर्च कितीही कमी केला, तरी पाहुणा आल्याखेरीज व्यवसाय उभा राहत नाही. त्यासाठी पर्यटकांचा ओघ अधिक स्थळांकडे आणि वर्षाच्या अधिक महिन्यांत वळविणे आवश्यक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यातील १२ किल्ल्यांपैकी रायगड, राजगड, साल्हेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आदी ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत. या किल्ल्यांच्या पायथ्याशी बहुधा लहान गावे आहेत. तेथे स्वच्छ निवास, सुरक्षित पाणी व साधे भोजन यांची सोय झाली, तर अभ्यासक व गिरिभ्रमण करणारे तेथे मुक्काम करतील. अन्यथा पर्यटक सकाळी येऊन सायंकाळी शहरात परततील आणि गावाच्या वाट्याला केवळ कचरा राहील.

करविषयक बदलांचाही मागणीवर परिणाम होतो. जुलै २०२२ मध्ये दिवसाला १,००० रुपयांपर्यंतच्या खोल्यांना असलेली वस्तू व सेवा करातील सूट संपली व त्यांवर १२ टक्के कर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील कर ५ टक्के करण्यात आला. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या सहलीचा खर्च त्यामुळे काहीसा उतरतो. परंतु या दरात हॉटेलमालकाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून दुरुस्ती व नूतनीकरण काढणाऱ्यांनी हिशेब आधी मांडणे हिताचे ठरते.

कुशल हातांचा प्रश्न

टाळेबंदीत गावी परतलेले अनेक आचारी व वाढपी पुन्हा या व्यवसायाकडे वळले नाहीत. इमारत दुरुस्त करता येते. पण दहा वर्षांच्या अनुभवाने तयार झालेला आचारी लगेच मिळत नाही. मुंबईत १९५४ पासून हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. परंतु पदवीधरांचा ओढा मोठ्या हॉटेलांकडे असतो. तालुका पातळीवर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून भटारखान्याची स्वच्छता, अन्नसाठवण, खोल्यांची निगा आणि हिशेब यांचे अल्पमुदतीचे वर्ग चालविल्यास स्थानिक तरुणांना गावातच काम मिळेल.

राज्याच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत १ लाख कोटी रुपयांची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगार यांचे उद्दिष्ट ठेवले आहे. हे उद्दिष्ट केवळ मोठ्या प्रकल्पांच्या बळावर साध्य होणार नाही. प्रथम खेळते भांडवल, नंतर स्थिर खर्चात घट, त्याबरोबर परवान्यांची सुलभता व लहान व्यावसायिकांची नोंदणी, आणि अखेरीस मागणी व कौशल्य यांचा विस्तार, असा हा क्रम आहे. त्यातील नोंदणीचे काम मात्र पुढील वादळाची वाट न पाहता शांततेच्या काळातच पूर्ण झाले पाहिजे. किनाऱ्यावरच्या शेवटच्या घरातील दोन खोल्यांची नोंद शासनाच्या दप्तरी झाली, तर पुढील संकटात मदत तेथपर्यंत पोचण्यास विलंब लागणार नाही.