शेवटचा दिवस आणि देवाची सबुरी

शास्त्रपाठ : मत्तय २४:३-१४ व ३६-४४, लूक १३:१-९, योना अध्याय ३ व ४, २ पेत्र ३:३-१५.

प्रस्तुत पाठाचा विषय आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत वारंवार निघतो. पाऊस लांबला, कृष्णामाई पात्राबाहेर आली किंवा दूरदेशीच्या लढाईची वार्ता कानी पडली, की चावडीवर कोणी तरी म्हणतोच, "आता जगाचा शेवट जवळ आला." हे ऐकून कोणी भयभीत होतो, कोणी हसून सोडून देतो. भय आणि थट्टा ही दोन्ही शास्त्रास धरून नाहीत. यास्तव प्रभूने या विषयी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे आपण क्रमाने पाहू.

१. तो दिवस कोणास ठाऊक आहे?

शिष्यांनी हाच प्रश्न जैतुनाच्या डोंगरावर प्रभूस विचारला. त्याने लढाया, दुष्काळ व भूमिकंप यांचा उल्लेख केला. परंतु हा शेवट नव्हे, ही वेदनांची सुरुवात आहे, असेही स्पष्ट केले. दिवस आणि घटका एका पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. असे असता माणसे दिवस नेमण्याचे सोडीत नाहीत.

१९६२ सालच्या फेब्रुवारीची अष्टग्रही वडील मंडळींच्या बोलण्यात अद्याप निघते. ३ ते ५ फेब्रुवारी या दिवसांत आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार, म्हणून जगबुडी होणार, असे भाकीत देशभर पसरले. ठिकठिकाणी यज्ञयाग झाले. ते दिवस आले आणि गेले. पण हा दोष केवळ शेजाऱ्यांच्या पदरी घालू नये. अमेरिकेतील विल्यम मिलर नावाच्या ख्रिस्ती उपदेशकाच्या अनुयायांनी दानिएलाच्या पुस्तकातील आकडे जुळवून २२ ऑक्टोबर १८४४ हा प्रभूच्या आगमनाचा दिवस ठरविला. हजारो लोक वाट पाहत बसले. दुसऱ्या दिवशी सूर्य नेहमीप्रमाणे उगवला आणि पुष्कळांचा विश्वास डळमळला. पंचांग पाहून दिवस नेमणे काय आणि बायबल हाती घेऊन नेमणे काय, चूक एकच.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यात कोयनानगर येथे मोठा भूमिकंप झाला. सुमारे १८० माणसे मेली, दोन हजारांच्या आसपास जखमी झाली आणि कोयनानगरातील बहुतेक घरे पडली किंवा तडकली. त्या पहाटेचे भाकीत कोणी केले नव्हते. ज्या दिवसाची दवंडी पिटली गेली, तो रिकामा गेला. जिची दवंडी नव्हती, ती पहाट माणसे निजलेली असता आली. प्रभूने रात्री येणाऱ्या चोराचा दृष्टान्त का दिला, हे सातारा जिल्ह्यातील माणसास निराळे समजावून सांगावे लागू नये.

२. अरिष्ट म्हणजे पातकाचा हिशेब नव्हे

संकट आले की दुसरे एक बोलणे ऐकू येते : "त्यांचे पाप भरले होते." उपदेशक बंधूंनी येथे फार सावध असावे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा प्रभूने लोकांस विचारले की, यरुशलेमात राहणाऱ्या इतर सर्वांपेक्षा ती माणसे अधिक अपराधी होती असे तुम्हांस वाटते काय? त्याचे उत्तर "नाही" असेच होते. नंतर त्याने बोट मेलेल्यांकडे न दाखविता जिवंत राहिलेल्यांकडे वळविले : तुम्ही पश्चात्ताप करा.

कोयनेच्या भूमिकंपाविषयी शास्त्रज्ञ सांगतात की, धरणाच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागले. त्या पाण्याचा भार पडून व ते खडकांच्या भेगांत मुरून, आधीच ताणलेली भूमी हलली. हे कारण समजून घेण्यात अविश्वास नाही. अविश्वास आहे तो देवाच्या नावाने असा निकाल देण्यात, जो देवाने दिलेला नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून माणसे बुडाली. ती बिचारी पुरातून जीव वाचविण्यासाठीच नावेत चढली होती. त्यांच्या घरच्यांपुढे जाऊन शेवटच्या दिवसाचे प्रवचन करणे हा निर्दयपणा होय. अशा घरी प्रथम भाकरी न्यावी, सोबत बसावे, रडणाऱ्यांबरोबर रडावे. पश्चात्तापाचा उपदेश करावयाचा तर तो स्वतःपासून आरंभावा.

३. इशारा हीच दया

मग भविष्यवाणी दिली कशासाठी? सांगलीकरांस याचे उत्तर आयर्विन पुलाजवळ मिळेल. तेथे कृष्णेचे पाणी फुटांत मोजतात. ४० फुटांस इशारा पातळी आणि ४५ फुटांस धोका पातळी धरली आहे. कोयनेतून पाणी सोडले की ते कऱ्हाडास कृष्णेत मिळते आणि पुढे सांगलीकडे येते. खालच्या गावांस आगाऊ खबर देतात ती लोकांस छळण्यासाठी देत नाहीत; माणसे, मुले, गुरे उंचावर जावीत म्हणून देतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर चढले. ज्याने इशारा ऐकून पाऊल उचलले, त्याला तो इशारा कठोर वाटला असेल. तथापि पाणी दाराशी आल्यावर तोच त्यास दया वाटला.

देवाच्या संदेष्ट्यांचे बोलणे असेच समजावे. बुडविण्याचीच इच्छा असती, तर देवाने अगोदर कळविलेच नसते.

४. निनवेची गोष्ट

योनाने निनवे नगरात एवढेच सांगितले की, चाळीस दिवसांनी हे नगर उलथून जाईल. त्याने "जर" हा शब्द उच्चारल्याचे लिहिलेले नाही. तरी राजापासून रंकापर्यंत सर्वांनी गोणपाट नेसून उपास केला, आपला जुलूम सोडला आणि देवाने नगर राखले. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या घरी हाच नियम उघड सांगितला आहे : ज्या राष्ट्रावर अरिष्टाचे वचन उच्चारले, ते आपल्या दुष्टपणापासून फिरले तर देवही ते अरिष्ट आणीत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. न्यायाचा दिवस येणारच. तो आपल्या उपासाने टळत नाही. परंतु त्या दिवशी अमुक माणूस दोषी म्हणूनच उभा राहील, असे आज ठरून गेलेले नाही. दार अद्याप उघडे आहे.

योनाला मात्र ही दया रुचली नाही. आपले भाकीत खोटे पडले म्हणून तो रुसला. आपल्यांतही असा योना असतो. जगाचा नाश सांगताना ज्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्याने हे पुस्तक पुन्हा वाचावे. देवाने त्यास सांगितले की, या नगरात उजवा-डावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत. महापुरात दावणीची जनावरे सोडून निघताना शेतकऱ्याच्या जिवाची काय घालमेल होते, हे आपण जाणतो. त्या जनावरांचीही आठवण देवाने ठेवली, मग तो माणसांस विसरेल काय?

५. सबुरी म्हणजे दिरंगाई नव्हे

पेत्र लिहितो की, प्रभू विलंब करीत नाही, तर कोणाचा नाश न व्हावा म्हणून धीर धरतो. हे त्या अंजिराच्या दृष्टान्तात उत्तम दिसते. तीन वर्षे फळ नाही, तेव्हा मालक म्हणाला, तोडून टाक. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले. भोवती खणून खत घालण्याचे कबूल केले. आपण आज जगत आहोत ते या मागून घेतलेल्या वर्षात. ते वर्ष खरे आहे आणि त्यास शेवटही आहे. "उद्या पाहू" असे म्हणणाऱ्याने दोन्ही गोष्टी मनात धराव्या.

पश्चात्ताप म्हणजे केवळ हुंदके नव्हेत. मूळ शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे, आणि मन पालटले की हातही पालटतो. जक्कयाने लुबाडलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. आपल्या गावी याचा अर्थ असा की, सरकविलेला बांध पूर्ववत करावा, खोटे माप टाकून द्यावे, भावाशी धरलेला अबोला सोडावा, दारू सोडून मजुरीचे पैसे घरी आणावे. आणि ज्याला वाटते की आता फार उशीर झाला, त्याने वधस्तंभावरील चोराकडे पाहावे. त्याच्यापाशी चौपट परत देण्यास वेळ नव्हता. पण त्याने प्रभूकडे तोंड फिरविले आणि तेवढ्याने त्याचा स्वीकार झाला.

६. तोवर काय करावे?

थेस्सलनीकेच्या मंडळीत काही जणांनी कामधंदा सोडला होता. त्यांस पौलाने निवांतपणे काम करून आपली भाकर खाण्यास सांगितले. तेव्हा मृग लागला की पेरणी करावी, मुलांस शाळेत धाडावे, कर्ज फेडावे. "शेवट आला, जमीन विकून पैसे आणा," असे कोणी सांगत आला तर त्यास नम्रपणे दार दाखवावे. धनी केव्हाही आला तरी चाकर कामावर सापडावा, हीच खरी तयारी होय.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. प्रभूने लढाया व भूमिकंप यांस काय म्हटले आहे?
२. शिलोहाच्या बुरुजाच्या गोष्टीवरून पूरग्रस्त शेजाऱ्याशी आपले वागणे कसे असावे?
३. योना का रुसला? आपण कोणाविषयी तसे रुसलो आहो काय?
४. माळ्याने मागून घेतलेल्या वर्षात आपण या आठवड्यात कोणती एक गोष्ट नीट करणार?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने सांगण्याची गरज नाही. ते पुढील रविवारापर्यंत करून दाखवावे.