प्रोसेसर नवा, स्क्रीन काळी

फायनल इयरचे प्रोजेक्ट सुरू झाले की होस्टेलमध्ये जुन्या पीसीला नवा प्रोसेसर बसवायची साथच येते. अख्खा पीसी बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, यात वाद नाही. पण बटण दाबल्यावर पंखे गरगरतात आणि स्क्रीन काळी ती काळीच राहते, तेव्हा लगेच "बोर्ड उडाला" असा निकाल दिला जातो. नवा बोर्ड म्हणजे महिन्या-दोन महिन्यांच्या मेसचे पैसे! म्हणून त्याआधी काय तपासायचं ते बघू. प्रोसेसरला मराठीत प्रक्रियक म्हणतात, पण कॉन्व्हेंटवालीला एवढी सूट द्या, मी प्रोसेसरच लिहिणार.

आमच्या विंगमधलीच एक केस घेऊ. बोर्ड बी४५० चिपसेटचा, त्यावर २०१८ साली आलेला रायझेन ३ २२००जी. त्याच्या जागी २०२२ साली आलेला रायझेन ५ ५६०० बसवला. दोघांचं सॉकेट एएम४, पिना १३३१. त्यामुळे प्रोसेसर बसला अगदी बरोबर, पण चालेना. दुकानदाराने सांगितलं, एसएमपीएस कमी पडतोय, मोठा घ्या. आता दोन्ही प्रोसेसरचं रेटिंग ६५ वॅटच आहे. जुना ज्यावर आरामात चालत होता तो एसएमपीएस नव्याला अचानक कमी कसा पडेल?

खरं कारण बहुतेक वेळा बायोसमध्ये असतं. प्रोसेसर सुरू कसा करायचा, याचा कोड बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. बोर्ड बनला तेव्हा जो प्रोसेसर बाजारात आलाच नव्हता, त्याचा कोड त्यात कुठून असणार? आपल्या गेटवरच्या वॉचमनकाकांच्या रजिस्टरमध्ये नाव नसलं तर आयकार्ड दाखवूनही आत सोडत नाहीत, तसंच हे. रायझेन ५००० मालिका आली नोव्हेंबर २०२० मध्ये. बी४५० बोर्डांना तिच्यासाठीचे बायोस त्यानंतर मिळू लागले. त्याआधीचा बायोस असेल तर ५६०० चालणार नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे जुना प्रोसेसर परत बसवणे. यासारखी दुसरी टेस्ट नाही. तो चालू झाला तर बोर्ड, रॅम, एसएमपीएस सगळं ठणठणीत आहे हे एका फटक्यात कळतं, आणि बायोस अपडेट करायलाही बऱ्याचदा तोच लागतो. तेव्हा नवा नीट चालेपर्यंत जुना विकायचा नाही, ज्युनियर कितीही मागे लागला तरी!

एक काळजी मात्र घ्या. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे तो कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो. पीसी चालत असेल तर आधी थोडा वेळ चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ न ओढता डावीकडे-उजवीकडे हळू फिरवत सोडवा.

पुढे बायोसच्या स्क्रीनवर व्हर्जन बघा. बोर्ड कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलच्या सीपीयू सपोर्ट लिस्टमध्ये नव्या प्रोसेसरपुढे किमान कुठलं व्हर्जन लिहिलंय ते जुळवा. जुना प्रोसेसर त्या व्हर्जनवर चालतो का, हेही तिथेच वाचा. काही बोर्डांची चिप १६ एमबीचीच असल्याने नव्यांना जागा करताना जुन्यांना काढलं गेलंय. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर घ्या आणि लाइट जायची वेळ टाळून अपडेट करा. मध्येच लाइट गेली तर बोर्ड खरोखरच उडू शकतो.

आमच्या केसमध्ये हे सगळं केलं, तरी स्क्रीन काळीच! कारण २२००जी मध्ये ग्राफिक्स आतच आहे, ५६०० मध्ये नाही. एचडीएमआय केबल बोर्डाला लावलेली, मग चित्र येणार कुठून? शेजारच्या रूममधून ग्राफिक्स कार्ड आणून केबल कार्डाला लावली, आणि स्क्रीन आली. वेगळं कार्ड नसेल तर ५६००जी घ्यायला हवा होता. त्या एका 'जी' ची किंमत अशी.

इंटेलवाल्यांनी सॉकेटच्या नावावर तर अजिबात भुलू नये. सहाव्या-सातव्या जनरेशनचं सॉकेट एलजीए ११५१ आणि आठव्या-नवव्याचंही तेच, पण २०१७ मध्ये आलेल्या आठव्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. तिथे कंपनीचा कुठलाच बायोस अपडेट कामाला येत नाही.

बाकी किरकोळ तपासण्या: प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची पॉवर केबल लावली का, रॅम नीट बसली का. प्लग काढून नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला की जुनी सेटिंग्ज जातात. पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची जुळवाजुळव करतो, त्यामुळे दोन-तीन मिनिटं थांबा, लगेच बटण दाबत सुटू नका.

स्क्रीन आल्यावर बऱ्याच एएम४ बोर्डांवर नवा प्रोसेसर सापडला, एफटीपीएम रीसेट करू का, असा प्रश्न येतो. घाईत वाय दाबू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर वाय दाबल्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर प्रोजेक्टचा डेटा डिस्कवर असूनही उघडत नाही. ही की बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. बायोसला हात लावण्याआधीच ती वहीत उतरवून घ्या. आणि वही त्याच पीसीवर स्कॅन करून ठेवू नका, प्लीज.