विणीचा काठ सरळ कसा राहील?



कार्यानुभवाच्या तासाला आपण सुया-लोकर हातात घेतो. सुलट टाका आला, उलट टाका आला, की वाटते झाले, विणकाम आले! पण चार बोटे वीण होते न होते तोच दोन्ही काठ वळू लागतात आणि मफलरची पुंगळी होते. मग कोणी म्हणते लोकर वाईट, कोणी म्हणते हात वाईट. खरे कारण वेगळेच आहे.

काठ का वळतो?

घरातला जुना, साधा गंजीफ्रॉक घ्या (आईला विचारूनच हं!). त्याची आडवी पट्टी कापा आणि दोन्ही टोके धरून ओढा. पट्टी लगेच गुंडाळते. कारण ते कापडही विणीचेच, फक्त यंत्रावर केलेले. मोजे विणण्याचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने 1589 साली तयार केले.

एक सुई सुलट, एक सुई उलट असे विणले की पुढून वेणीसारखे टाके दिसतात आणि मागून उंचवटे. वाकवलेल्या धाग्याला पुन्हा सरळ व्हायचे असते. दोन्ही अंगे सारखी नसल्यामुळे ओढ एका अंगाला जास्त लागते. म्हणून बाजूचे काठ मागे वळतात, तर खालचा व वरचा काठ पुढे वळतो.

उपाय

1. कडेला दोन्ही अंगांनी सारखी दिसणारी वीण घाला. दोन्ही बाजूंचे चार-चार टाके प्रत्येक सुईला सुलटच विणा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सहा सुया पूर्ण सुलट विणा. साबुदाण्याची वीणही चालते. तिच्यात एक टाका सुलट, एक उलट विणतात आणि पुढच्या सुईला सुलट दिसेल त्यावर उलट, उलट दिसेल त्यावर सुलट.

2. सुईचा पहिला टाका विणू नका. लोकर आपल्याकडे ठेवा. उलट टाक्याला घालतो तशी सुई घालून टाका नुसता उजव्या सुईवर घ्या. मग लोकर दोन सुयांमधून मागे न्या आणि पुढे विणा. शेवटचा टाका सुलट. असे केले की काठावर सुंदर साखळी तयार होते. एक कडी म्हणजे दोन सुया. 30 कड्या मोजल्या की 60 सुया झाल्या!

3. टाके बंद करताना हात सैल ठेवा. 10 नंबरच्या सुयांनी विणले असेल तर बंद करायला 8 नंबरची सुई घ्या. लक्षात ठेवा, नंबर मोठा तशी सुई बारीक. 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, तर 8 नंबरची 4 मिलिमीटर जाड असते.

4. मेंढीची लोकर असेल तर वीण भिजवा, न पिळता पंचात दाबा आणि टाचण्या लावून सावलीत सपाट वाळवा. ती दिलेला आकार धरते. ॲक्रिलिकची लोकर मात्र पाण्याला दाद देत नाही, आणि गरम इस्त्रीने वीण मरते. म्हणून काठ विणतानाच नीट हवा. मागाहून दुरुस्ती होत नाही.

एवढी काळजी कशाला?

आपल्या देवरूखात थंडी ती कितीशी! पण पावसाळ्यात तान्ह्या बाळाला टोपडे लागतेच. इंदिराबाई हळबे म्हणजे मावशींनी 1954 साली येथे मातृमंदिर सुरू केले, ते बाळंतिणींच्या सोयीसाठीच. अशा एखाद्या बाळासाठी टोपडे विणाल तेव्हा आठवा: काठ घट्ट झाला तर कपाळावर वळ उठतो, सैल झाला तर टोपडे डोळ्यांवर येते. बाळाला सांगता येत नाही, ते नुसते रडते. काठ नीट हवा तो बाळासाठी, मिरवण्यासाठी नव्हे.

करून पाहा

24 टाक्यांचे, 30 सुयांचे दोन तुकडे विणा. एक साधा आणि एक वर सांगितल्याप्रमाणे कड घालून. दोन्ही पाटावर ठेवा. कोणता वळला? कोणत्या बाजूला? दुसऱ्याच्या काठावर 15 कड्या भरल्या का? मुलग्यांनीही करायचे आहे. सुई काही मुलगा-मुलगी बघत नाही!