वेस आणि वाट : घरच्या संगणक-जाळ्याविषयी

कारंजा (लाड) ज्यांनी पाहिले आहे त्यांना तिथल्या जुन्या वेशी ठाऊक असतील : दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस, दारव्हा वेस. बाहेर पडणारी वाट जिकडे जाते, तिकडचे नाव वेशीला. संगणक-जाळ्यातील 'फायरवॉल' आणि 'राउटिंग' जोडीने का शिकावेत, हे मला या नावांवरून चटकन पटले. फायरवॉल म्हणजे वेस, राउटिंग म्हणजे वाट. वेस उघडी पण वाट नाही, किंवा वाट आहे पण वेस बंद. दोन्ही वेळी माणूस बाहेरच.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा उद्योग कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे कागदपत्रे सांभाळणे माझ्याकडे आले. मी शिकायला वाशीमला, कागद गावी. वडील बँकेच्या दारातून फोन करतात, "मागल्या सालची पावती पाह्यजे म्हणतात." सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतो, पण बाजार समितीतली सोयाबीनची हिशेबपट्टी तिथे कशी मिळणार? म्हणून गावच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याचा सर्व्हर केला आणि सर्व कागदांची छायाचित्रे त्यात ठेवली. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, हा आमच्याकडे मोठाच गुण. राउटरला मात्र निराळी बॅटरी लागते.

पहिली अडचण पत्त्याची. जुन्या पद्धतीचे आय.पी. पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच. म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले; १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. शिवाय कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. अशा जोडणीवर बाहेरून घराला हाक मारताच येत नाही. उपाय एकच, घरातून बाहेर हाक मारायची. सार्वजनिक पत्ता असलेले एक छोटे यंत्र भाड्याने घेतले. घरचा सर्व्हर आपणहून त्याच्याशी बोगदा जोडतो आणि वाट बुजू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक खूण पाठवतो. माझा फोनही तिथेच येतो. यालाच व्हीपीएन म्हणतात. (बंद संकेतस्थळे पाहण्यासाठी मित्रमंडळी जे वापरतात ते याच नावाचे, पण काम वेगळे.) मी वायरगार्ड वापरतो, २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते नकारसुद्धा देत नाही, गप्प राहते.

आता वाटेचे. घरचे जाळे १९२.१६८.१ चे आणि वाशीमच्या अभ्यासिकेतलेही तेच, तर फोनला वाटते की सर्व्हर याच खोलीत आहे; तो बोगद्याकडे वळतच नाही. म्हणून घरचे पत्ते बदलून १०.२७.५ असे केले. फोनला सांगितले, एवढेच पत्ते बोगद्यातून, बाकीचे नेहमीच्या वाटेने.

सगळ्यांत घोळ होतो तो परतीच्या वाटेचा. समजा, मी फोनवरून गोठ्यातला कॅमेरा पाहू लागलो. माझी मागणी भाड्याच्या यंत्रावरून सर्व्हरकडे आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत नीट पोचते. पण कॅमेऱ्याला बोगद्यातला माझा पत्ता अनोळखी. तो उत्तर राउटरकडे देतो, राउटर ते इंटरनेटकडे ढकलतो आणि ते तिथेच हरवते. फोनवर नुसते चक्र फिरत राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की फायरवॉलच अडवते आहे. अशा वेळी वेस मोकळी सोडून पाहण्याचा मोह होतो, तो घातक. बोगद्यातल्या पत्त्यांचे उत्तर सर्व्हरकडे द्यावे, अशी एक ओळ राउटरमध्ये लिहिली की काम झाले.

फायरवॉलचा नियम लहानसा आहे : बाहेरून येणारे सर्व बंद, फक्त बोगद्यातून आलेले आत. मात्र दुरून काम करताना आधी स्वतःची वाट उघडी ठेवावी आणि मग दार लावावे. मी तर नवा नियम 'पाच मिनिटांनी आपोआप मागे घे' अशा बोलीवरच लावतो. सगळे चालले तर कायम करायचा. नाहीतर एका चुकीच्या ओळीसाठी एस.टी.ने गाव गाठावे लागेल.

कॅमेरा बसवणाऱ्या गृहस्थांनी कारखान्याचाच पासवर्ड ठेवला होता. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर असल्याच पासवर्डांनी ताब्यात घेतले होते. मी पासवर्ड बदलला, राउटर स्वतःहून दारे उघडतो ती सोय बंद केली, आणि कॅमेऱ्याला इंटरनेटची वाटच ठेवली नाही. तो फक्त घरात आणि बोगद्यात दिसतो.

कागदांची एक प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर घेऊन आत्याच्या घरी ठेवतो. मूळ कागद आईच्या पेटीत आहेत, आणि तिची किल्ली आईकडेच.