थंडीचा वायू

मे महिन्यात धामणगाव रेल्वे स्टेशनवर उतरले की गरम झळ तोंडावर येते. मग दुकानातली थंडगार बाटली आठवते. ती थंडी येते कोठून, ते आज पाहू.

माठ पाझरतो. पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. फ्रीजमध्येही असेच घडते. तेथे पाण्याऐवजी एक वायू असतो. दाबून पातळ केलेला हा वायू आतल्या नळ्यांत उकळतो व उष्णता शोषून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला पुन्हा दाबतो, आणि ती उष्णता बाहेर पडते. फ्रीजच्या मागे हात धरून पाहा, ऊब लागेल. माठातले पाणी उडून जाते. हा वायू मात्र नळीतच फिरत राहतो. नळी फुटली तरच बाहेर येतो.

खरी गोम तेथेच आहे. पूर्वीच्या वायूने आकाशातला ओझोनचा थर विरळ केला. हा थर सूर्याचे घातक किरण अडवतो. म्हणून १९८७ साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी करार झाला. १९९२ साली भारतही त्यात आला. जुना वायू हळूहळू सुटला, नवा आला. नव्याने ओझोनला धक्का लागत नाही. पण तो पृथ्वीभोवती घोंगडीसारखा बसतो आणि उष्णता कोंडतो. ‘आर-१३४ए’ नावाचा एक किलो वायू सुमारे १,४०० किलो कर्बवायूइतकी उष्णता कोंडतो. म्हणजे आगीतून निघालो अन् फुफाट्यात पडलो!

मग २०१६ साली आफ्रिकेतल्या रवांडा देशात, किगाली शहरी, हेही वायू कमी करायचे ठरले. भारताने २०२१ साली त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. एवढा वेळ का? वऱ्हाडच्या उन्हात थंडी ही काही नुसती चैन नाही. दवाखान्यातली लस तिच्यावरच टिकते.

दुसरे वायूही आहेत. मुंबईच्या गोदरेज कंपनीने २०१२ साली प्रोपेनवर चालणारे एअरकंडिशनर बाजारात आणले. प्रोपेन उष्णता फार थोडी कोंडतो. पण तो स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद; पेट घेतो. तेव्हा त्याला जाणता मिस्त्रीच हवा.

मिस्त्रीवरून आठवले. दुरुस्तीच्या वेळी नळी उघडून वायू ‘फुस्स’ करून सोडलेला आम्ही कितीदा पाहिला, पण कधी बोललो नाही. तो यंत्राने ओढून टाकीत भरता येतो. फ्रीजच्या पाटीवर वायूचे नाव व आकडा लिहिलेला असतो. तो वाचावा आणि मिस्त्रीला विचारावे, ‘भाऊ, हा वायू कोठे सोडणार?’

आपल्या वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरमध्ये असला वायू नसतोच, नुसते पाणी असते. पण मे महिन्यात ते पाणी आणायचे कोठून, हे ज्याच्या त्याच्या घरच्या बाईला विचारा.